सात नंबरची मूठ

जुनं पिस्तूल खोलून परत जोडलं की एखादा स्क्रू उरतोच. का उरतो ते कुणाला कळत नाही, कारण पिस्तूल तर चालत असतं! मग तो स्क्रू बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा, कधीतरी लागेल म्हणून. आमच्या रविवारच्या सर्कलमध्ये (जपानात हौशी मंडळाला सर्कल म्हणतात) असे दोन डबे भरलेत. किस्स्यांचंही तसंच आहे. प्रत्येक दुरुस्तीमागं एक उरतो, फक्त त्याला डबा माझ्या डोक्याचा. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं गिरवली ती नितीनच्या पहिलीच्या पुस्तकातून, त्याच्याच बरोबर बसून. लिहिता येत नव्हतं तोवर सगळं लक्षात ठेवावं लागायचं. पुढं लिहिता आलं, पण सवय काही गेली नाही.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोटाळा नको. नितीन माझा मुलगा, टोकियोत कॉम्प्युटरच्या कंपनीत. अश्विनी सून. आम्ही राहतो टोकियोतल्याच एदोगावा वॉर्डात. केतकी आमच्या सर्कलमधली साताऱ्याची मुलगी, युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीचं संशोधन करते आणि जगातली प्रत्येक गोष्ट मोजून बघते. इशिदा-सान सर्कलचे प्रमुख, ऐंशी ओलांडलेले, हयात लेथ मशीनवर गेलेली. आणि कुबो-सान म्हणजे आमच्या वॉर्डाच्या हॉलच्या ऑफिसातल्या बाई, नियमाला पक्क्या. सान म्हणजे आपलं राव किंवा बाई, नावापुढं लावायचं.

आणि एक सात नंबरचं पिस्तूल. ते कपाटात राहणार की कचऱ्यात जाणार, या काळजीत आमचा अख्खा मागचा हिवाळा गेला. पण सुरुवातीपासून सांगते.

*

पिस्तुलांचा नाद नितीनला लागला तो वडिलांमुळं. आमचे हे पुण्यात एका रायफल क्लबात हत्यारं दुरुस्त करायचे. क्लबाकडं येणारी बहुतेक सगळी सेकंडहँड, पॉइंट टू-टूची, निशाणेबाजीची पिस्तुलं. कुणाची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, वाकडी, कुणाचा घोडा जड, कुणाची लाकडी मूठ चिरलेली. हे दुरुस्त करायचे आणि मी शेजारी बसून चिंध्यांनी नळ्या साफ करायची. नितीन त्या तेलाच्या वासातच मोठा झाला.

तर जपानात आल्यावर पहिल्याच वर्षी त्याला इंटरनेटवर तसंच एक जुनं पिस्तूल दिसलं. इथं खरं पिस्तूल मोजक्याच नेमबाजांना मिळतं, तेही वर्षानुवर्षं स्पर्धा खेळल्यावर. हे याला ठाऊक नव्हतं. पण मुलगा सरळमार्गी! आधी परवानगी विचारावी म्हणून गेला स्टेशनजवळच्या कोबानमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत, आणि नुकत्याच शिकलेल्या जपानीत म्हणाला की मला पिस्तूल हवंय, कुठला फॉर्म भरायचा?

पोलिसानं त्याला बसवलं. चहा आला. मग दुसरा पोलीस आला. मग मोठ्या ठाण्यातून तिसरा आला, सायकलवरून. सगळे अगदी नम्र. कुठलं पिस्तूल, असं विचारल्यावर आमच्या शहाण्यानं मोठ्या हौसेनं फोन काढला आणि चाळीस फोटो दाखवले. घरी कुणाला माहीत आहे का, असं विचारलं तर म्हणाला, आईला माहीत आहे, ती साफ करायची की पूर्वी. त्यांनी ते लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात दोघं घरी. बूट काढून, मोजे नीट करून बसले. मी चहा-चिवडा दिला. अश्विनीमार्फत मला विचारलं, तुम्ही पिस्तुलं साफ करायचात? मी म्हटलं, शेकड्यानं केलीत. आतून चिंधी, बाहेरून तेलाचा हात. तेही लिहून घेतलं. चिवडा संपवला. जाताना नितीनच्या हातात एक कागद ठेवून गेले. त्यावर वॉर्डाच्या हॉलचा पत्ता होता, जिथं उजेडाच्या पिस्तुलानं नेम मारतात. परवाना-बिरवाना काही लागत नाही.

ते गेल्यावर अश्विनी कपबशा उचलत म्हणाली, "आई, लग्नाच्या वेळी माझ्या बाबांनीसुद्धा तुमच्या घराची इतकी चौकशी केली नव्हती."

*

हॉलमध्ये पहिल्या रविवारी मी गेले ती नुसती डबा घेऊन. टेबलं मांडलेली, टेबलावर पिस्तुलं, आणि त्यातलं एक उचलून इशिदा-सान डोळा बारीक करून उभे. मूठ, नळी, माशी, घोडा, सगळं हुबेहूब आमच्या ह्यांच्या पिस्तुलांसारखं. आत काही घातलेलं दिसलं नाही आणि त्यांनी घोडा ओढला. टक्!

माझा हात कधी गेला ते मलाच कळलं नाही. फाडकन त्यांच्या मनगटावर बसला.

आता हे समजून घ्या. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला ठोका बसतो तो कडेला. काडतूस नसताना घोडा ओढला तर तो ठोका नळीच्या काठावर बसतो आणि काठाला खोच पडते. सेकंडहँड पिस्तुलांत निम्मी त्यानंच गेलेली असतात. आमचे हे एरवी शांत, पण कुणी कोरडा घोडा ओढला की क्लबाच्या सेक्रेटरीचीही भीड ठेवायचे नाहीत. तीस वर्षं ते कानावर पडलेलं. हात जाणारच.

पण नितीनचा चेहरा पांढराफटक. तो कमरेत वाकून माफी मागायला लागला ती थांबेचना. मग एकीकडं त्यांना माझं कारण सांगितलं आणि एकीकडं मला सांगितलं की आई, ह्याला बीम पिस्तूल म्हणतात, यात काडतूस नसतंच. घोडा ओढला की नळीतून उजेडाचा ठिपका जातो, ज्याच्या त्याच्या टेबलासमोर पेटी असते तिच्यावर पडतो, आणि आपल्या टेबलावरच्या छोट्या पाटीवर आकडा उमटतो. बस.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इशिदा-सान मात्र मनगट चोळत विचार करत होते. त्यांच्याकडं पूर्वी खऱ्या पॉइंट टू-टूचा परवाना होता. हात थरथरायला लागला तसा त्यांनी आपणहून जाऊन परत केला होता. ते म्हणाले, "चाळीस वर्षांत मला बरोबर कारणासाठी कुणी मारलं नव्हतं."

तेव्हापासून घोडा ओढायच्या आधी ते माझ्याकडं बघतात आणि विचारतात, "आजी-सान?" मी मान हलवली की मगच ओढतात. केतकीनं शिकवलेला तो एकच मराठी शब्द त्यांना येतो.

*

आमच्या सर्कलचं काम म्हणजे जुनी बीम पिस्तुलं गोळा करायची आणि चालती करायची. शाळांचे क्लब बंद पडतात, मुलंच नाहीत इथं, मग त्यांची पिस्तुलं इंटरनेटवर विकायला येतात. तिथं एक शब्द असतो, "जंक". म्हणजे वस्तू चालेल असं समजू नका, आणि परत घेणार नाही.

नितीननं एक जंक मागवलं. खोका आला तो बघत राहावा असा. आत बुडबुड्यांचं प्लास्टिक, त्यात खाकी कागद, त्यात मऊ फडकं, त्यात पिस्तूल. सोबत तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचं पाकीट आणि हातानं लिहिलेलं पत्र. केतकीनं वाचून दाखवलं. मुठीच्या खालच्या बाजूला, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं तांदळाएवढा ओरखडा आहे. फोटोत तो नीट दिसला नाही याबद्दल विकणाऱ्यानं तीन वेळा क्षमा मागितली होती. आपल्याला त्या ओरखड्यामुळं झोप लागली नाही, असंही लिहिलं होतं.

आमचे डोळे पाणावले. माणसं असावीत तर अशी! मग नितीननं दोन स्क्रू काढून पिस्तूल उघडलं.

आत काही नव्हतं. दिवा नाही, तार नाही, स्प्रिंग नाही. नारळाच्या करवंटीसारखं स्वच्छ.

नितीन भडकला. परत पत्र वाच म्हणाला, कुठं तरी लिहिलं असेल. नव्हतं लिहिलेलं. इशिदा-साननी पिस्तूल हातात घेतलं, उलटं केलं, ओरखड्यावर बोट फिरवलं आणि समाधानानं म्हणाले की ओरखडा आहे. जंक म्हटलं होतं, जंक आहे. ओरखडा म्हटला होता, ओरखडा आहे. माणूस शब्दाचा पक्का.

बिस्किटं मात्र चांगली होती.

*

आता सात नंबर.

हे सर्कल सुरू केलं इशिदा-सानच्या बायकोनं, फुमिको-सान यांनी. सात नंबर त्यांचं. त्याची लाकडी मूठ त्यांनी स्वतः चाकू-कानशीनं आपल्या हाताच्या मापानं कोरलेली, बोटागणिक खाच. त्या जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर पिस्तुलानंही तोंड बंद केलं. दहादा घोडा ओढला तर एखाद्या वेळी आकडा उमटायचा. इशिदा-सान दर रविवारी ते काढायचे, पुसायचे, ठेवायचे. बायकोविषयी मी त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं. "ती साफ ठेवायची नाही, म्हणून बिघडलं."

जानेवारीत कुबो-साननी सांगितलं की मार्चअखेर कपाटांची तपासणी आहे. कपाटात फक्त चालणाऱ्या वस्तू ठेवता येतील, बंद पडलेल्या टाकायच्या. शिवाय हॉलमध्ये हवाई बेटांवरचा हुला नाच शिकणाऱ्या बायकांचं सर्कल आहे, त्यांना घागरे ठेवायला खण हवा होता.

पण जपानात एखादी गोष्ट टाकायची म्हणजे आधी ती कोण आहे ते ठरवावं लागतं. लाकूड जळणाऱ्या कचऱ्यात, लोखंड न जळणाऱ्यात, सेल आणि तारा निराळ्या. कुबो-साननी एका खात्याला फोन केला. त्यांनी दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. आम्हाला वाटलं, चालू दे असंच. केतकी तर दर रविवारी ऑफिसात जाऊन नवी शंका टाकून यायची. आत काचेचं भिंग आहे, त्याचं काय? स्प्रिंगला मुलामा आहे, तो कशात धरायचा? कुबो-सान गंभीरपणे लिहून घ्यायच्या. पाच आठवडे आम्ही सात नंबरला कचऱ्याच्या सगळ्या जातींबाहेर ठेवलं!

सहाव्या रविवारी कुबो-सान छापील उत्तर आणि चार पिशव्या घेऊन आल्या. सगळं सुटं करायचं. लोखंड या पिशवीत, भिंग त्या पिशवीत, सेल आणि तारा तिसरीत. लाकडी मूठ जळणाऱ्या कचऱ्यात. त्याचे दिवस मंगळवार आणि शुक्रवार.

इशिदा-साननी कागद दोन्ही हातांनी घेतला, वाकून आभार मानले. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

मी नितीनला म्हटलं, विचार त्या बाईंना, काहीच मार्ग नाही का? त्यानं विचारलं. कुबो-सान म्हणाल्या, "चाललं तर राहील. तपासणीच्या दिवशी, माझ्यासमोर, निशाणावर लागून पाटीवर आकडा आला पाहिजे."

आणि चार पिशव्या घडी घालून कपाटात ठेवून गेल्या.

*

दुरुस्ती सुरू झाली. सेल बसतो तिथली पितळी पट्टी हिरवी पडली होती. मी म्हटलं, चिंच लावा. इशिदा-सान म्हणाले, उमेबोशी. म्हणजे त्यांचं ते लाल, खारवलेलं आंबट फळ, भाताबरोबर खातात. त्यांच्या आईनं तांब्याची भांडी आयुष्यभर त्यानंच घासली म्हणे. माझ्या आईनं काय केलं असेल, ते मी सांगायला नको.

केतकीचं म्हणणं होतं की युनिव्हर्सिटीत एक द्रावण आहे. आम्ही दोघांनी तिच्याकडं असं बघितलं की ती गप्प बसली.

अशा पट्ट्या दोन होत्या. एक माझी, एक त्यांची. केतकी घड्याळ लावून बसली. तिनं मला चिंच किती घेतली विचारलं, मी सांगितलं, "एवढीशी." तिनं ती एवढीशी खिशातल्या छोट्या वजनकाट्यावर ठेवली आणि वहीत आकडा लिहिला. पाणी किती, तर भिजेल इतपत. तेही तिनं लिहिलं, पण तोंड वाकडं करून.

खरं सांगायचं तर उमेबोशी जिंकली. त्यांची पट्टी सोन्यासारखी झळकली, माझी नुसती पिवळी झाली. इशिदा-साननी ती पट्टी सगळ्यांना दाखवली. मग परत दाखवली. हुला नाचणाऱ्या बायकांनाही दाखवून आले.

पुढच्या रविवारी पट्ट्यांची डबी उघडली तर त्यांची पट्टी पहिल्यापेक्षा हिरवी. फळातलं मीठ तिच्यावर राहिलं होतं. माझी होती तशी पिवळी. मी पिशवीतून चिंचेची पुडी काढून त्यांच्या पुढ्यात सरकवली आणि दुसरीकडं बघत बसले.

त्यांनी चिमूटभर काढली, वास घेतला, तोंडात टाकली, आणि केतकीमार्फत विचारलं की हे भाताबरोबर चालेल का?

*

मग दिव्याची तार. ती सोल्डरचा डाग देऊन जोडायला नितीननं सात नंबर घरी आणलं. इथं पिस्तूल उघडं नेलं तर अख्खी ट्रेन थांबेल, म्हणून इशिदा-सानचा नियम असा की फडक्यात बांधून न्यायचं, चारी टोकं वर घेऊन गाठ मारायची. आमच्या घरात फडकी म्हणजे माझ्या जुन्या सुती साडीची. नितीनचा डबाही त्याच साडीत बांधलेला असतो.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. नितीन सकाळी घाईत निघाला, आणि साडेआठला अश्विनीला डबा ओट्यावरच दिसला. तिनं फोन केला, तो लागला नाही. ट्रेनमध्ये फोन घेत नाहीत इथं. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो. मला नितीनची काळजी नव्हती. त्या ऑफिसच्या दारात पहारेकरी असतो, त्यानं जर ते काढून घेतलं तर कुबो-सानच्या पिशव्यांची गरजच उरणार नव्हती.

पहारेकऱ्यानं काही विचारलं नाही. डब्याला कोण विचारतो? दुपारी बॉस आणि चार माणसं एका टेबलाला बसली. बॉसला आमच्या घरच्या मेथीच्या पराठ्याची आशा असते, नितीन रोज अर्धा देतो. नितीननं गाठ सोडली.

नितीन सांगतो, पाचही माणसांचे चॉपस्टिक हवेतच राहिले. नळी नेमकी बॉसकडं. नितीनला वाटलं, आता नोकरी गेली, व्हिसा गेला. बॉसनं फडक्याकडं बघितलं, नितीनकडं बघितलं, आणि हळू आवाजात विचारलं, "नितीन-सान, आज पराठा नाही का?"

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा गाठीवर गाठ, गाठीवर गाठ, अशा सहा गाठी होत्या. सोडवायला मलाच बसावं लागलं. तार मात्र त्याच दिवशी जोडली आणि स्वयंपाकघरातल्या अंधारात पहिला उजेड पडला. दहात एक होता तो दहात सहावर आला. भिंगाच्या आत काहीतरी ढिलं होतं. ते काढायचं तर भिंग फुटायची भीती. तिथंच थांबलो.

*

आता पिस्तूल झालं, पण धरणार कोण?

मूठ फुमिको-सानच्या हाताची. इशिदा-सानचा पंजा मोठा, त्यात थरथर. नितीननं बोटं घातली ती अडकली. साबण लावून सोडवली. केतकीचा अंगठा लांब. कुणीतरी म्हणालं, एक मिलिमीटर कानस मारू या. इशिदा-साननी पिस्तूल उचललं आणि मांडीवर ठेवलं. पुन्हा कुणी कानशीचं नाव काढलं नाही.

मी कोपऱ्यात संत्री सोलत होते. केतकी माझ्या हातांकडं बघायला लागली.

"आजी, तुमच्या बांगडीचं माप काय?"

"दोन-दोन," मी म्हटलं. "लग्नात होतं तेच." आणि म्हटल्यावर लक्षात आलं की ही कुठं चाललीय. मी सरळ नाही म्हटलं. शेकड्यानं पिस्तुलं पुसलीत मी, एकही उडवलेलं नाही. आमच्या क्लबात बायका चहा घेऊन आत यायच्या आणि मळक्या चिंध्या घेऊन बाहेर जायच्या. आता या वयात नेम धरून काय लोकांना हसवायचं?

अश्विनी त्या दिवशी मला न्यायला आली होती. ती म्हणाली, "आई, त्यांना मनगटावर मारलंत तेव्हा नेम बरोबर लागला होता की."

सगळे हसले. इशिदा-साननाही कुणीतरी सांगितलं, तेही हसले, आणि हसता हसता त्यांनी मूठ माझ्याकडं केली. हात पुसून मी धरली. मळलेल्या कणकेत पंजा दाबावा तशी बसली. फक्त पहिल्या बोटाची खाच माझ्या बोटाहून किंचित पुढं होती. म्हणजे त्यांचं बोट लांब असणार. हे मी कुणाला सांगितलं नाही.

मग काय, रोज सकाळी दुधाचा एक लिटरचा खोका हात लांब करून धरायचा, साठ आकडे होईपर्यंत. इशिदा-सानचा हुकूम. अश्विनीला चहाला दूध हवं असायचं. ती शेजारी पातेलं घेऊन उभी राहून म्हणायची, "चाळीसच झालेत आई, गप्पा मारू नका."

*

तपासणीचा रविवार. बाहेर लोक साकुराखाली, म्हणजे फुललेल्या चेरीच्या झाडांखाली, चटया टाकून बसलेले, आणि आम्ही आत ट्यूबलाइटीखाली. कुबो-सान पॅड आणि पेन घेऊन आल्या. दारात हुला नाचणाऱ्या बायका गळ्यात कागदी फुलांच्या माळा घालून घागरे कवटाळून उभ्या; त्यांचीही तपासणी नंतर होती, पण नजर आमच्या कपाटावर.

दहा पिस्तुलं. एक ते सहा चालली, खूण, खूण, खूण. आठ, नऊ, दहा चालली. सात नंबर शेवटी.

मी टेबलापाशी उभी राहिले. शेजारच्या टेबलाशी केतकी उभी होती, इशिदा-सानचं मला मराठीत सांगायला. तिचं पिस्तूल टेबलावरच पडलेलं. इशिदा-सान माझ्यामागं. ते एवढंच म्हणाले, "माशी बघा. समोरचं विसरा."

मी ऐकलं. नळीच्या टोकावरच्या त्या माशीवर अशी नजर लावली की समोरच्या पेट्या, भिंत, हॉल, सगळं धूसर होऊन गेलं. श्वास धरला, घोडा ओढला. टक्.

पाटी कोरी.

उजेड इतका क्षणाचा असतो की ट्यूबलाइटीत दिसत नाही. पाटीवर आला तर आला. कुबो-साननी पेन उचललं नाही. त्यांनी मान झुकवली, म्हणजे अजून एकदा. मी पुन्हा माशी धरली. हात दुधाचा खोका धरल्यासारखा घट्ट. टक्.

कोरी.

मला वर बघवेना. इशिदा-साननी माझ्या हातातून पिस्तूल काढून घेतलं, हळूच, बोट-बोट सोडवून. टेबलावर फडकं पसरलं. खिशातून पेचकस काढला आणि मुठीचा स्क्रू स्वतःच सोडवायला घेतला. कुबो-सान घाईघाईनं म्हणाल्या की आजच करायला नको, मंगळवारपर्यंत वेळ आहे. ते म्हणाले, नियम आहे, सुटं करून द्यायचं. पेचकस खाचेत बसत नव्हता. नितीन मदतीला पुढं झाला, तर त्याला त्यांनी कोपरानं बाजूला केलं.

तेवढ्यात केतकी म्हणाली, "आजी, मी अजून पिस्तूल उचललेलंच नाहीये."

मला राग आला. म्हटलं, "मग उचल. तुझं कुणी टाकत नाही."

"तसं नाही," ती म्हणाली. "माझ्या पाटीवर नऊ आलाय. आणि त्याच्याखाली दहा."

ती तेच जपानीत म्हणाली. कुबो-सान तिच्या टेबलाशी गेल्या. पाटी बघितली. टेबलावर पडलेलं पिस्तूल बघितलं, त्याला हात लावला नाही. मग माझ्या जागी येऊन उभ्या राहिल्या, गुडघ्यात वाकून माझ्या उंचीच्या झाल्या, एक डोळा मिटून समोर बघितलं; आधी माझ्या पेटीकडं, मग शेजारच्या. सरळ झाल्या आणि पॅडवर खूण केली. दारातल्या बायकांनी घागरे काखेत मारून टाळ्या वाजवल्या.

इशिदा-साननी स्क्रू परत पिळून घट्ट केला. पेचकस खिशात ठेवला. मग माझ्यासमोर येऊन वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मीही वाकले, आणि कधी सरळ व्हायचं ते कळेना म्हणून तशीच राहिले. अखेर त्यांनी पाठ सरळ केली, कोटाचं बटण लावलं, डोळे पुसले, आणि स्पर्धेतल्या पंचासारखं सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सात नंबर. दुसऱ्याच्या निशाणावर. दोन्ही नेम बाद. गुण शून्य."